काळ्या दगडाने डायनासोर मारले का?

औसा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. शाळेशेजारच्या शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा लागला आणि मुलं ती बघायला गेली. एकाने कुठेतरी वाचलं होतं, की हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा आणि याच लाव्ह्याने डायनासोर संपवले. दुसरा म्हणाला, उल्का पडली म्हणून ते संपले, लोणारचा खड्डा त्याच उल्केचा. यातलं खरं काय? डायनासोरांच्या आधी झालेल्या महाविलोपनांची, म्हणजे थोड्या काळात बहुतेक जाती नाहीशा होण्याच्या घटनांची, कारणं कोणती? आणि आता सहावं सुरू आहे म्हणतात, ते खरं का?

सर, तुमच्या मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या विहिरी, बोअर आणि त्यात लागणारे खडक बघण्यात गेली. तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्या तांबड्या पट्ट्यातच आहे.

आधी लोणारचं मिटवू. लोणारचं विवर उल्कापातानेच झालं आहे, यात आता शंका नाही. पण ते ज्या दगडात पडलं आहे तो हाच काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. दगड आधी, खड्डा नंतर, इतकं तर मुलांना लगेच पटेल. अलीकडच्या कालमापनानुसार लोणारचं वय पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास येतं, आणि डायनासोर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. शिवाय लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. डायनासोरांच्या वेळचं विवर मेक्सिकोत युकातान द्वीपकल्पाच्या टोकाला चिक्शुलूब इथे गाळाखाली दडलेलं आहे, त्याचा व्यास सुमारे १८० किलोमीटर. एक काठ छत्रपती संभाजीनगरला धरला तर दुसरा परभणीच्याही पुढे जाईल.

आता पायाखालचा दगड. दख्खनचा हा बेसॉल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, म्हणजे मराठवाड्याच्या साडेसात पटींहून जास्त. झीज होण्याआधी तो याहून बराच मोठा होता. पश्चिम घाटात त्याची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत येते. तुमच्या जवळ, किल्लारीला ती नेमकी मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथे संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळ आणि मग थेट अब्जावधी वर्षांपूर्वीचा कठीण पाया. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

ही सगळी जाडी एका दमात साचलेली नाही. त्याचा पुरावा म्हणजे तो पट्टा. विहिरीत उतरून नीट पाहिलं तर क्रम असा दिसतो: खालच्या थराचा माथा छिद्राळ असतो. लाव्ह्यातला वायू बुडबुड्यांनी वर येऊन तिथे अडकलेला, आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, कधी फिकट गुलाबी खनिजं भरलेली. त्यावर तांबडा, गेरूसारखा मऊ थर. कुठे चार बोटं, कुठे पुरुषभर. त्याचा वरचा भाग खणकन वाजण्याइतका कडक, कारण त्यावर नवा लाव्हा आला तेव्हा तो भाजला गेला. त्याच्या वर पुन्हा घट्ट काळा दगड. बोअरवाल्यांना हा थर चांगला माहीत असतो, कारण तो ढासळतो आणि केसिंग टाकावं लागतं. हा तांबडा थर म्हणजे मुख्यतः खालच्या लाव्ह्याचा माथा ऊन-पावसाने कुजून झालेली माती, काही ठिकाणी तिच्यात ज्वालामुखीची राखही मिसळलेली. अशी माती व्हायला शेकडो ते हजारो वर्षं लागतात. म्हणजे एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पाऊस पडला, माती झाली, झाडोरा उगवला आणि मग पुढचा लाव्हा आला. मुख्य उद्रेकाचा काळ सात-आठ लाख वर्षांचा आहे, आणि त्यात अशा शांततेच्या अनेक खिडक्या आहेत.

ज्वालामुखी जीवसृष्टी मारतो तो लाव्ह्याने नव्हे. लाव्हा फार तर वाटेत आलेलं जाळतो. मारतो तो वायू. याचं माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण आइसलँडचं आहे. १७८३ साली तिथे लाकी नावाची भेग फुटली आणि आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर आला. गंधकाचे आणि फ्लोरिनचे वायू गवतावर बसले. ते खाऊन जनावरं मेली, जनावरं गेल्यावर दुष्काळ पडला आणि देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. युरोपभर महिनोन्‌महिने कोरडं धुकं होतं. दख्खनचा एकूण लाव्हा ढोबळमानाने १० लाख घन किलोमीटर धरतात, आणि त्यातले काही एकेकटे प्रवाह हजार घन किलोमीटरहून मोठे होते. आजच्या आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला जो बेसॉल्ट सापडतो, तोही इथूनच, पश्चिमेकडून, हजारेक किलोमीटर वाहत गेलेला मानतात. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांमध्ये त्याची गणना होते.

मग यानेच डायनासोर गेले असं म्हणायला काय हरकत आहे? अनेक वर्षं काही मोठे शास्त्रज्ञ तसं म्हणत आले आहेत आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. पण वायूंचा हिशोब मांडला की अडचण दिसते. गंधकाचा वायू हवेत सूक्ष्म थेंब बनून ऊन अडवतो, थंडी आणतो, आम्लाचा पाऊस पाडतो, पण उद्रेक थांबला की दोन-चार वर्षांत धुऊन निघतो. कार्बन डायऑक्साइड उलट वागतो. तो हळूहळू तापवतो आणि हजारो वर्षं टिकतो. पण तोही कायमचा राहत नाही. पावसाचं पाणी तो शोषून किंचित आम्लधर्मी होतं, दगड कुजवतं आणि त्या कुजण्यात कार्बन बांधला जातो. बेसॉल्ट तर इतर बहुतेक खडकांपेक्षा लवकर कुजतो. आपली काळी रानं त्याचीच देणगी. म्हणजे ज्या दगडाने वायू सोडला, त्यानेच दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तो परत ओढून घ्यायला सुरुवात केली. तांबड्या थराचं महत्त्व मला म्हणूनच वाटतं: निसर्गाला सावरायला सवड मिळत होती, याची ती नोंद आहे.

समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म शिंपल्यांवरूनही हेच दिसतं. डायनासोर जाण्याच्या तीन-एक लाख वर्षं आधी जगाचं तापमान दोन ते चार अंशांनी वाढलं आणि महाविलोपनाची वेळ यायच्या आधीच ते पुन्हा खाली आलं. त्या वाढीत जीवसृष्टी हलली, पण कोसळली नाही. आपल्या भूमीवरचा पुरावाही त्याच बाजूचा. कच्छमध्ये अंजारला दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात डायनासोरच्या अंड्यांची कवचं मिळाली आहेत. ज्वालामुखी सुरू झाल्यावरही ते तिथे अंडी घालत होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात २००५ साली गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि गवत तोवर समजत होते त्यापेक्षा बरंच जुनं निघालं. एवढे प्रचंड प्राणी आपल्याकडे गवत खात हिंडत होते. हे मुलांना जरूर सांगा, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील.

उल्केचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. १९८० मध्ये लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओ इथल्या बोटभर चिकणमातीत इरिडियम हा धातू प्रमाणाबाहेर असल्याचं दाखवलं. तो पृथ्वीच्या कवचात अत्यल्प असतो आणि अशनींमध्ये, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमध्ये, भरपूर. पुढे तोच थर जगभर मिळाला, आणि १९९१ मध्ये चिक्शुलूबचं विवर ओळखलं गेलं. सुमारे दहा किलोमीटरचा तो गोळा दुर्दैवाने नेमका चुनखडी आणि गंधकयुक्त खडकांच्या जाड थरावर पडला. २०१६ मध्ये तिथे समुद्रात बोअर घेतलं, तेव्हा आजूबाजूला भरपूर असलेला गंधकी खडक विवरातून जवळपास गायब होता. त्याची वाफ होऊन तो आकाशात गेला होता. गंधक, धूळ आणि जळालेल्या झाडोऱ्याची काजळी यांनी सूर्य झाकला. वनस्पतींचं आणि समुद्रातल्या शैवालाचं अन्न बनवणं काही महिने, कदाचित त्याहून जास्त काळ थांबलं. अन्नसाखळीचा पायाच निघाला. जगातल्या सुमारे तीन चतुर्थांश जाती गेल्या. जे कमी खातात, कुजलेल्यावर जगतात, बिळात किंवा पाण्यात लपतात, ते तगले: मगरी, कासवं, बेडूक, छोटे सस्तन. पक्ष्यांच्या काही शाखाही वाचल्या, म्हणून काटेकोरपणे बोलायचं तर डायनासोर पूर्ण गेलेच नाहीत.

इथे एक वाद अजून शिल्लक आहे. २०१९ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी दख्खनच्या लाव्ह्याची अचूक वयं प्रसिद्ध केली. एका गटाने तांबड्या थरांत मिळालेले झिरकॉन या खनिजाचे कण वापरले आणि म्हटलं, की उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधी एक मोठा उद्रेक झाला. दुसऱ्याने लाव्ह्यातल्या आर्गॉन वायूवरून म्हटलं, की निम्म्याहून बराच जास्त लाव्हा उल्केच्या नंतर आला. दोन्ही बाजूंनी काम उत्तम आहे. माझं स्वतःचं मत असं, की घाव उल्केचा. दख्खनने फार तर आधी जीवसृष्टी थोडी ताणली असेल आणि नंतर सावरणं लांबवलं असेल. हा क्रम उद्या बदलला तरी, दख्खनच्या लाव्ह्याला सवडी होत्या आणि उल्केने एकाच दिवशी घाला घातला, हा फरक बदलणार नाही.

पण म्हणून ज्वालामुखी निर्दोष समजू नका. पाच मोठ्या महाविलोपनांतलं सर्वांत भयंकर त्यानेच घडवलं. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, समुद्रातल्या आठ-नऊ दशांश जाती नाहीशा झाल्या. सैबेरियात दख्खनपेक्षाही मोठा लाव्हा त्याच काळात आला. निर्णायक गोष्ट अशी, की महाविलोपनाची वेळ जुळते ती वर सांडलेल्या लाव्ह्याच्या पहिल्या मोठ्या लोंढ्याशी नाही. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, नंतर तिथल्या थरांमध्ये आडवा शिरू लागला, त्या टप्प्याशी ती जुळते. कारण सैबेरियात त्या जमिनीखाली होतं काय? कोळसा, खनिज तेल, मीठ आणि चुनखडी, काही किलोमीटर जाड. तप्त शिलारसाने ते सगळं भाजून काढलं. कोळशातून कार्बन, मिठातून ओझोनचा थर खाणारे क्लोरिनचे वायू. आता किल्लारीचं बोअर आठवा. तिथे बेसॉल्टखाली ८ मीटर गाळ आणि मग कोरडा कठीण पाया, जाळायला काहीच नाही. दख्खन सगळीकडे असा नाही, पण शिलारस कुठल्या खडकातून वर येतो यावर किती अवलंबून असतं, हे या दोन जागा शेजारी ठेवल्या की समजतं.

सैबेरियानंतर जे घडलं ते एकापाठोपाठ एक होतं. हवा तापली, आठ ते दहा अंशांनी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, म्हणून समुद्र घुसमटला. विरलेल्या कार्बनने पाणी आम्लाकडे झुकलं आणि शंख-शिंपल्यांना, प्रवाळांना कवच बांधणं जड झालं. चीनमधल्या मेइशान इथल्या खडकांवरून मोजलं तर मुख्य कत्तल साठेक हजार वर्षांत उरकली. भूगर्भाच्या हिशोबात हा क्षणच. जमिनीवर जंगलं इतकी मोडली, की पुढची सुमारे एक कोटी वर्षं जगात कुठे कोळसाच बनला नाही. आपल्याकडचा पुरावा परळीला रोज रेल्वेने येतो. औष्णिक केंद्रात जळणारा देशी कोळसा बहुतांश गोंडवन थरांतला, म्हणजे पर्मियन काळातला. ज्या ग्लोसोप्टेरिस झाडांच्या रानांनी तो बनवला, ती झाडं याच महाविलोपनात संपली. कोळशाच्या खाणीतल्या शेल या पातळ थरांच्या गाळखडकाच्या चकतीवर जिभेच्या आकाराचं, मधोमध शीर असलेलं पान उमटलेलं दिसतं, ते याच झाडाचं.

बाकीच्या तीन महाविलोपनांबद्दल थोडक्यात. २० कोटी १० लाख वर्षांपूर्वीचं, ट्रायासिकच्या शेवटचं, पुन्हा ज्वालामुखीचंच. अटलांटिक महासागर उघडायला लागला तेव्हा आजच्या आफ्रिका, युरोप आणि दोन्ही अमेरिकांच्या काठांवर लाव्हा पसरला, आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जागेत डायनासोर मोठे झाले. त्याआधीचं, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचं डेव्होनियनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. समुद्र वारंवार घुसमटले हे नक्की. खोल मुळांची पहिली झाडं जमिनीवर पसरली, त्यांनी खडक फोडून पोषकद्रव्यं नद्यांतून समुद्रात लोटली आणि शैवाल माजलं, हे स्पष्टीकरण मला पटतं. खतांचं पाणी साचलेला तलाव हिरवा होऊन मासे मरतात, तोच प्रकार समुद्रभर. सगळ्यात जुनं, ४४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचं ऑर्डोव्हिशियन मात्र थंडीचं. दक्षिणेच्या महाखंडावर बर्फ साचला, समुद्र खाली गेला, उथळ समुद्रातले जीव उघडे पडले, आणि बर्फ वितळल्यावर दुसरा तडाखा बसला. गॅमा किरणांचा स्फोट, ठरावीक काळाने येणारे धूमकेतू वगैरे कल्पना तुम्हाला वाचायला मिळतील. त्यांच्यासाठी खडकात पटण्याजोगा पुरावा नाही, मुलांना त्यात अडकवू नका.

या सगळ्यांतून कारणांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा एक प्रश्न मुलांना विचारायला शिकवा: बदल किती वेगाने झाला? कारण दख्खनएवढे किंवा त्याहून मोठे काही लाव्हे महाविलोपनाशिवाय येऊन गेले आहेत. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ब्राझील आणि नामिबियात, आणि नंतर प्रशांत महासागराच्या तळाशी ओंटोंग जावा इथे. दुसऱ्याच्या वेळी समुद्रात प्राणवायूची टंचाई झाली, पण पाच मोठ्यांत त्याची गणना होत नाही. सजीवांना स्थलांतर करायला, पिढ्यान्‌पिढ्या बदलायला आणि समुद्राला कार्बन पचवायला वेळ मिळाला, तर मोठा आघातही निभावतो. वेळ मिळाला नाही, तर निभावत नाही.

म्हणून सहाव्याचा प्रश्न मी आकड्यानेच सांगतो. एक घन किलोमीटर बेसॉल्ट लाव्ह्यातून साधारण १ कोटी ४० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, असा एक मान्य अंदाज आहे. त्याने हजार घन किलोमीटरचा दख्खनी प्रवाह धरला तर १४०० कोटी टन होतात. वर न आलेल्या शिलारसाचा वायू धरून काही अभ्यासक हा आकडा वाढवतात. आज माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३७०० कोटी टन सोडतो. म्हणजे पहिल्या अंदाजाने दख्खनचा एक अजस्र प्रवाह आपण साडेचार महिन्यांत उरकतो, आणि मध्ये तांबडी माती व्हायला सवड ठेवत नाही. जगातले सगळे जिवंत ज्वालामुखी मिळून आज वर्षाला जे सोडतात ते आपल्या एक टक्क्याच्याही आत आहे.

तरीही सहावं महाविलोपन झालं असं आज म्हणता येत नाही. जाती नेहमीच जात आल्या आहेत. लातूर जिल्ह्यातच मांजरेच्या जुन्या गाळात हत्तीची आणि पाणघोड्याची हाडं मिळाली आहेत, आणि पाणघोडा भारतातून केव्हाच गेला. चित्ता देशातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. माळढोक धाराशिव-सोलापूरच्या माळांवर पूर्वी होता, आता देशभरात मिळून दोनशेच्या आत उरला आहे. महाविलोपन म्हणायला थोड्या काळात तीन चतुर्थांश जाती जाव्या लागतात, आणि तिथवर आपण पोहोचलेलो नाही. जाती जाण्याचा वेग मात्र एरवीच्यापेक्षा कितीतरी पट वाढलेला आहे, आणि आत्तापर्यंत त्याचं मोठं कारण हवामान नसून जमीन मोडणं आणि शिकार हे आहे. हवामानाचा भार त्यावर आता चढतो आहे.

वर्गात शिकवायचं तर सहल लोणारच्या आधी अजिंठ्याला काढा. लेण्यांसमोरच्या वाघूर नदीच्या कड्यावर लाव्ह्याचे थर एकावर एक उघडे दिसतात. मुलांना दरीच्या पलीकडच्या बाजूला उभं करा, आधी थर मोजायला सांगा आणि मग कुठल्या दोन थरांमध्ये सवड गेली असेल ते त्यांनाच ओळखू द्या.